पगारातून हप्ता गेला, मग विमा कुठे अडला?

पगारातून आरोग्यविम्याचा हप्ता कापला जातो, कार्यालयाच्या पोर्टलवर योजना सुरू दिसते. औषधाच्या दुकानात मात्र ‘या नावावर विमा नाही’ असे उत्तर मिळते. अमेरिकेत असा प्रसंग ओढवल्यास संशयाची पहिली जागा म्हणजे कंपनीने विमा कंपनीला धाडलेली फाइल, आणि तीतही कर्मचाऱ्याचा क्रमांक.

कोण नोकरीस आहे, कोणती योजना घेतली, अवलंबित कोण, ही माहिती ठरावीक दिवशी विमा कंपनीकडे जाते. हिपा कायद्याखालील तिच्या प्रमाण नमुन्यास ‘834’ म्हणतात. तेथील संगणक माणूस ओळखतो तो मुख्यत्वे क्रमांकावरून. क्रमांक जुळला नाही, तर नोंद बाजूला पडते. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, तीच व्यक्ती नवी सभासद म्हणून दाखल होते आणि जुना क्रमांक यादीत नाही म्हणून पहिला विमा बंद होतो.

यातला सर्वांत फसवा अपराधी शून्य. सोशल सिक्युरिटी क्रमांक नऊ अंकी असतो. पूर्वी त्याचे पहिले तीन अंक प्रदेशानुसार ठरत आणि शून्याने सुरू होणारे क्रमांक मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट अशा ईशान्येकडील राज्यांत दिले जात. 25 जून 2011 पासून वाटप यादृच्छिक झाले. टेक्सासमध्ये उतरलेल्या नवागताच्या वाट्यालाही आता आरंभीचे शून्य येऊ शकते. कुणी ती फाइल सहज एक्सेलमध्ये उघडून जतन केली, की एक्सेल त्यास संख्या समजून शून्य गिळते. उरतात आठ अंक. म्हणून फाइल आयात करतानाच तो रकाना ‘टेक्स्ट’ ठरवावा. सोशल सिक्युरिटी क्रमांकाची लांबी ठरलेली असल्याने गळलेले शून्य परत लावता येते. कंपनीच्या कर्मचारी क्रमांकांची लांबी एकसारखी नसेल, तर हाच उपाय नवा घोळ घालतो.

दुसरा घोळ नवागतांचाच. क्रमांक हाती येण्याआधी मनुष्यबळ विभाग कधी कधी सर्व नऊ असलेला तात्पुरता क्रमांक भरतो. दोघांना तोच दिला, तर नोंदी एकमेकींत मिसळतात. पुढे खरा क्रमांक भरला, तरी विमा कंपनीला जुना कोणता होता हे कळवावे लागते. ‘834’मध्ये आधीच्या चुकीच्या ओळखीसाठी वेगळी जागा आहे, ती रिकामी सोडली जाते. नावाचा आधार घ्यावा, तर वडिलांचे किंवा पतीचे नाव एका नोंदीत मधले, दुसरीत पहिल्या नावाला चिकटलेले!

फाइल सांभाळणाऱ्याने जन्मतारीख व आडनाव धरून दोन्ही याद्या उलटसुलट ताडून पाहाव्यात: इथे आहे तिथे नाही, तिथे आहे इथे नाही, आणि दोनदा आलेले कोण.

कर्मचाऱ्याने ‘माझी नोंदणी झाली का?’ एवढेच विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेच येईल. ‘शेवटच्या फाइलमध्ये माझा कोणता क्रमांक गेला?’ असे विचारावे. ईमेलमध्ये मात्र शेवटचे चारच अंक लिहावेत. दुरुस्तीनंतर नाकारलेली बिले पुन्हा तपासण्यास विमा कंपनीला सांगावे. हप्ता कापल्याची वेतनचिठ्ठी तेव्हा उपयोगी पडते. घरात बाळ जन्मले असेल, तर त्याच्या क्रमांकाची वाट पाहत बसू नये. नोंदणीची मुदत अनेक योजनांत जन्मापासून 30 दिवसांचीच असते. क्रमांक मागाहून कळवता येतो.