गच्चीवरची बुटकी जिप्सोफिला

लग्नातल्या गुच्छात गुलाबांच्या मधून धुके उठावे तशी जी बारीक पांढरी फुले दिसतात, ती जिप्सोफिला, हे आता घरोघर ठाऊक आहे. मी सांगणार आहे ती तिची धाकटी बहीण. वीतभर उंच, परडी उपडी घालावी तशी गोल, फिकट गुलाबी, आणि एकाच हंगामाची. लिनियसने १७५३ साली हिला ‘म्युरालिस’, म्हणजे भिंतीवरची, असे म्हटले.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तळ दिला, तेव्हापासूनचे आपले लष्कर. वाड्यांचे चौक आता वाटण्यांत गेले. आमच्या वाट्याला गच्ची आली, आणि सासूबाईंना जिना उतरवेना. आयुष्यभर पहाटे परडी घेऊन चौकात फिरलेली बाई खुर्चीत बसून नुसती भिंत पाही. म्हणून खुर्चीपाशी कठड्यावर पसरट कुंड्या मांडल्या.

जिप्सोफिला म्हणजे जिप्समवर प्रेम करणारी. तेवढ्यावरून काहीजण कुंडीत मूठभर चुना टाकतात. तसे करू नये. हिच्या कित्येक बहिणींना चुनखडीची माती मानवते. ही मात्र युरोपातल्या रेताड, ओलसर शेतांत उगवणारी. हिला निचरा हवा. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू घालावी, शेणखत बेताचेच. खत फार झाले की पाला माजतो आणि फुले रुसतात.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान बी पेरावे. ते अगदी बारीक, म्हणून वाळूत मिसळून वरच भुरभुरावे, हलके दाबावे. मूळ दुखावलेले हिला सोसत नाही, तेव्हा जिथे पेराल तिथेच वाढवा. आपल्या थंडीला ती भीत नाही. संक्रांतीच्या सुमारास कुंडी फुलांनी झाकून जाते.

“वास नाही, देवाला चालायची नाही, मग हा पसारा कशाला, सूनबाई?” असे सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. (वास नाही हे खरेच.) दुसऱ्या वर्षी त्यांनी चहाचे कुल्हड जमवायला लावले, बुडाला भोके पाडवली आणि बसल्या जागी प्रत्येकात चिमूटभर बी पेरले. हळदीकुंकवाला तेच वाण दिले. घरी नेऊन कुल्हड अलगद फोडायचा, मातीचा गड्डा जसाच्या तसा कुंडीत बसवायचा, हे त्या प्रत्येक सवाष्णीला दोनदा बजावत होत्या.

होळीनंतर ऊन तापले की झाड वाळते. पिकलेली बोंडे कागदाच्या पुडीत झाडून घ्यावीत, आणि पुडी कोरड्या डब्यात ठेवावी.