धावपट्टीवरून रस्त्यावर आलेला ब्रेक

ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की पायाखाली पेडल थरथरते. अनेक जण त्या क्षणी दचकून पाय सैल करतात. खरे तर ती थरथर एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा, आपले काम करत असल्याची खूण असते, आणि ही यंत्रणा मुळात विमानासाठी शोधली गेली.

विमान उतरते तेव्हा वैमानिक चाकांपासून इतका दूर आणि उंच बसलेला असतो की एखादे चाक अडकून घसरते आहे हे त्याला जाणवतही नाही. अडकलेला टायर धावपट्टीवर घासून एकाच जागी झिजतो आणि फुटतो. यावर ब्रिटनमधल्या डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकात ‘मॅक्सारेट’ आणले. चाकाबरोबर फिरणारा एक छोटा ड्रम आणि त्याच्या आत जड फ्लायव्हील. चाक एकदम मंदावले तरी फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे फिरत राहते. दोघांच्या गतीत फरक पडला की झडप उघडते, ब्रेकचा दाब उतरतो आणि चाक पुन्हा फिरू लागते. यात इलेक्ट्रॉनिक्स अजिबात नव्हते. मला या रचनेचे फार कौतुक वाटते.

हेच यंत्र १९६६ मध्ये ‘जेन्सन एफएफ’ या ब्रिटिश मोटारीत बसले. पण गाडी महाग होती, जेमतेम ३२० बनल्या. सर्वसामान्यांच्या मोटारीला प्रत्येक चाकाचा वेग वेगळा मोजणारी, स्वस्त आणि भरवशाची यंत्रणा हवी होती. त्यासाठी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची वाट पाहावी लागली. १९७८ मध्ये बॉशची एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली.

रस्त्यावर येताना मात्र या ब्रेकचे मुख्य काम बदलले. विमानात टायर वाचवायचा होता, मोटारीत स्टिअरिंग. पुढची चाके लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. चाके फिरत राहिली तर समोरच्या माणसाला चुकवता येते. म्हणून एबीएसच्या गाडीत पेडल पूर्ण दाबून धरावे, पंपासारखे मारू नये. सुट्या खडीवर थांबायचे अंतर उलट वाढू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. पण त्यातले सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला सांभाळते, मागचे चाक तुमच्याच पायावर असते. गाडी घेताना शोरूममध्ये रंगाआधी एबीएस सिंगल चॅनल आहे का, हे विचारा.