नाताळच्या सुट्टीत मुलांना कोणता सिनेमा लावायचा?

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांना काहीच ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा भाग लिहून. नेहमीसारखंच बोलले तसं ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे काढलेत.

२५ डिसेंबरची दुपार डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांना सुट्टी. मोठी माणसं जेवून आडवी झालेली. आणि घरात जो कोणी विशी-पंचविशीतला असेल, त्याच्या हातात रिमोट देऊन फर्मान सुटतं, "मुलांना काहीतरी ख्रिसमसचं लाव." आमच्याकडे तो प्राणी म्हणजे मी. तुमच्याकडे बहुतेक तुम्ही असणार, म्हणून हा भाग.

गेल्या वर्षी आम्ही ताईकडे ठाण्याला होतो. भाची नऊ वर्षांची, भाचा पाच. मी फार हुशारीने 'द स्नोमॅन' निवडला. १९८२ सालचा ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपट, फक्त २६ मिनिटांचा. गोष्टीत संवाद नाहीत, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला इंग्रजी कळेल का हा प्रश्नच मिटला. एक मुलगा बर्फाचा माणूस बनवतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं आकाशातून उडत उत्तरेला जातात आणि तिथे सांताला भेटतात. (रेमंड ब्रिग्ज यांच्या ज्या चित्रपुस्तकावर हा बेतलाय, त्यात सांता नाहीच. तो सिनेमावाल्यांनी आणलाय.) मी लहानपणी बघितला होता, पण लक्षात राहिलं होतं ते फक्त उडणं.

शेवट मी साफ विसरले होते. सकाळी तो मुलगा धावत अंगणात येतो, तर तिथे वितळलेल्या बर्फाचा ढीग आणि त्यावर टोपी. बस्स, सिनेमा तिथेच संपतो.

त्याच वर्षी जूनमध्ये आमचे बाबा गेले होते.

भाच्याने विचारलं, "मावशी, हा उद्या परत येईल?" मी घाईघाईत म्हटलं, "हो रे, पुढच्या थंडीत येईल ना!" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा पण?"

ताईने त्याला उचलून आत नेलं. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी या विषयात जरा जास्तच डोकं घातलंय. पहिली गोष्ट कळली ती ही, की कोपऱ्यात दिसणारं वयाचं लेबल या बाबतीत आपल्याला वाचवत नाही. भारतात २०२१ च्या नियमांपासून ओटीटीवर 'यू', 'यू/ए ७+', 'यू/ए १३+', 'यू/ए १६+' आणि 'ए' अशी वर्गवारी असते. ती उपयोगाचीच आहे. मारामारी, शिव्या, नको ती दृश्यं, हे सगळं ती बघते. पण 'या घरात यंदा कोण गेलंय' हे लेबल लावणाऱ्याला कसं कळणार? 'द स्नोमॅन'ला ब्रिटनमध्ये सगळ्यांसाठी योग्य असंच प्रमाणपत्र आहे, आणि त्यात चूक काहीच नाही.

जुन्या सिनेमांचं तर विचारूच नका. 'ग्रेमलिन्स' हा १९८४ चा सिनेमा अमेरिकेत 'पीजी' म्हणून आला, म्हणजे आईवडिलांनी सोबत बसून दाखवावा असा. तोच ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांखालच्यांना बंद! अमेरिकेतही पालक इतके चिडले की त्याच वर्षी 'पीजी-१३' हे नवं लेबल काढावं लागलं. ('इंडियाना जोन्स'चा दुसरा भागही त्याला कारणीभूत होता.) पोस्टरवरचं ते गोंडस पिल्लू बघून फसू नका. शिवाय त्यात एक मुलगी आपल्या वडिलांची भयंकर गोष्ट सांगते आणि त्या ओघात सांताचं गुपितही फोडून टाकते.

हे गुपित प्रकरण आपल्याकडे आपण हलक्यात घेतो. 'आपल्या घरात कुठे सांता येतो?' असं म्हणतो. पण शाळेत लाल टोपी घालून पार्टी होते, वर्गात चॉकलेटं वाटतात, आणि बऱ्याच मराठी घरांतली पाच-सहा वर्षांची पोरं मनातून पक्की सांतावाली असतात. विचारून बघा एकदा. 'द पोलर एक्सप्रेस'ची (२००४) अख्खी गोष्टच सांतावरचा विश्वास उडत चाललेल्या मुलाची आहे. ज्याला आधीच शंका आहे त्याला तो आवडेल. ज्याला नाही, त्याला आपण फुकटची शंका देऊ. त्यातल्या माणसांचे डोळेही मला जरा भुतासारखे वाटतात, पण ते माझं वैयक्तिक मत.

आता 'होम अलोन'. १९९० चा, सगळ्यांचा लाडका. घरचे पॅरिसला निघून जातात आणि आठ वर्षांचा केविन घरी एकटाच राहतो. चोरांची फजिती मुख्यतः शेवटच्या अर्ध्या तासात आहे, आणि मुलं त्याचीच वाट बघत असतात. डोक्यावर पडणारी इस्त्री, तापून लाल झालेली दाराची मूठ, पायात घुसणारा खिळा. नऊ वर्षांची भाची पोट धरून हसते. पण धाकटा बाजूला असेल तर इस्त्री उचलून ठेवा, एवढंच सांगते! मला त्यातला चर्चमधला प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो. ज्या शेजारच्या म्हाताऱ्याला केविन घाबरत असतो, तोच तिथे त्याच्याशेजारी येऊन बसतो आणि आपल्या मुलाशी झालेल्या भांडणाबद्दल बोलतो. मुलं या वेळी चुळबुळ करतात. करू देत, पण फॉरवर्ड नका करू. सांताच्या बाबतीतही हा सिनेमा सांभाळून घेतो. केविन सांताच्या वेशातल्या माणसाला सांगतो, की तू खरा नाहीस हे मला माहितीये, पण तू त्याच्याकडे कामाला आहेस.

लहानमोठी सगळी एकत्र असतील तर माझं मत 'आर्थर ख्रिसमस'ला (२०११). सांताचं घर म्हणजे चक्क आपलं एकत्र कुटुंब. आजोबांना वाटतं आमच्या वेळची स्लेज भारी, थोरल्याला सगळं कॉम्प्युटरवर हवं, वडील खुर्ची सोडत नाहीत, आणि धाकटा आर्थर एका मुलीची राहून गेलेली सायकल पोचवायला धडपडतो. वाड्यातली भांडणं ऐकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

'क्लाउस' (२०१९, नेटफ्लिक्स) दिसायला अप्रतिम आहे. पण त्यातही क्लाउसची बायको वारलेली आहे आणि शेवटी तो स्वतःही निघून जातो. हळुवारपणे दाखवलंय, तरी मांडीवर घ्यायची तयारी ठेवा.

वसईची माझी मैत्रीण म्हणते, तुमचं सगळं सांतापाशीच अडतं. तिच्या घरी गोठा मांडायचा असतो, मध्यरात्रीच्या मिस्साला जायचं असतं. मग येशूजन्माची गोष्ट एका गाढवाच्या नजरेतून सांगणारा 'द स्टार' (२०१७) तिच्या मुलांना जास्त जवळचा वाटतो. बरोबरच आहे.

मी स्वतः काय करते? ट्रेलर नाही, शेवटची पंधरा मिनिटं आदल्या रात्री बघते. तेवढाही वेळ नसेल तर 'डझ द डॉग डाय' नावाची वेबसाइट आहे. सिनेमात कुत्रा मरतो का, आईवडील मरतात का, सांताचं गुपित फुटतं का, अशी उत्तरं तिथे प्रेक्षकांनीच दिलेली असतात. इंग्रजीत आहे, पण दोन मिनिटांचं काम. आणि मुलांना इंग्रजी झेपत नसेल तर ऑडिओमध्ये हिंदी आहे का, हेही आधीच बघून ठेवा. सगळे बसल्यावर शोधायला गेलं की पोरं सोफ्यावरून उड्या मारायला लागतात.

'द स्नोमॅन' मात्र मी यादीतून काढलेला नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी भाच्याजवळ जाऊन बसले आणि त्याला सांगितलं, की मावशी चुकीचं बोलली, तो बर्फवाला परत येत नाही. आणि आजोबाही नाही. तो म्हणाला, "मला माहितीये. आईने सांगितलंय." मग त्याने विचारलं, की त्या मुलाने ती टोपी घरात नेली असेल ना? मी म्हटलं, नेली असेल.

परवा ताईचा फोन आला होता. यंदा पुन्हा तोच सिनेमा हवाय म्हणे त्याला. आणि बाबांची माकडटोपी कपाटात कुठे ठेवलीये, तेही विचारत होता.

तुमच्या घरी काय लावताय ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात भेटूच!