प्रीप्रिंट : वॉचमन आय-कार्ड बघतो, मार्कशीट नाही!

सेमिनारचा रिपोर्ट म्हटला की आपली पद्धत ठरलेली. आदल्या रात्री सर्च मारायचा, जी पीडीएफ फुकट उघडेल ती डाउनलोड करायची आणि शेवटच्या पानावर रेफरन्स म्हणून टाकून द्यायची. ती पीडीएफ आली कुठून, हे बघतो कोण? पण बघायला हवं. कारण फुकट मिळणारे बरेच पेपर 'प्रीप्रिंट' असतात.

प्रीप्रिंट म्हणजे जर्नलच्या परीक्षकांनी तपासण्याआधीच लेखकाने सर्वांसाठी खुला केलेला पेपर. जर्नलमध्ये छापून यायला महिने, कधी वर्षंसुद्धा लागतात. तोवर थांबायचं कशाला? म्हणून फिजिक्सवाल्यांसाठी १९९१ साली 'अर्काइव्ह' सुरू झालं. सामाजिक शास्त्रांसाठी १९९४ मध्ये 'एसएसआरएन' आलं. ते २०१६ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ फिलिप कोहेन आणि सहकाऱ्यांनी ना-नफा तत्त्वावर 'सोशार्काइव्ह' उभं केलं.

इथे पेपर घेताना मॉडरेटर काय बघतो? लिखाण अभ्यासपूर्ण आहे का, विषय इथला आहे का, लेखकांची नावं बरोबर आहेत का, फाइलमधला मजकूर सर्च होतो का. बस्स! निष्कर्ष बरोबर की चूक, हे तपासणं त्याचं काम नाही. आपल्या हॉस्टेलचा वॉचमन आय-कार्ड बघून आत सोडतो, मार्कशीट मागत नाही, तसंच हे.

पण यातून गोची कशी होते बघा. कोविडच्या काळात मेक्सिको सिटीच्या प्रशासनाने रुग्णांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या असलेले किट वाटले. या गोळ्या फक्त चाचण्यांमध्येच वापराव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये सांगितलं होतं. तरी मे २०२१ मध्ये प्रशासनातल्याच लोकांचा पेपर सोशार्काइव्हवर आला : किटमुळे हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण घटलं! पेपर हजारो वेळा डाउनलोड झाला. (त्याच महिन्यात गोवा सरकारनेही १८ वर्षांवरच्या सर्वांना याच गोळ्या देण्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे प्रश्न फक्त लांबच्या मेक्सिकोचा नव्हता.)

तक्रारी आल्या. आम्ही दर्जा तपासत नाही, अशी व्यवस्थापकांची आधीची भूमिका होती. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्वतःच्या अधिकारात पेपर मागे घेतला. सोशार्काइव्हवर असं पहिल्यांदाच घडलं. पुढच्याच महिन्यात ब्राझीलमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला : या गोळ्यांनी भरती होणं कमी होत नाही.

मागे घेतलेला पेपर गुपचूप गायब मात्र करत नाहीत. शीर्षक, लेखक आणि मागे घेतल्याची नोंद तशीच राहते, म्हणजे कुणी आधी रेफरन्स दिला असेल तर त्याला कळतं. हा नियम मला फार आवडला.

मग प्रीप्रिंट वाचायचेच नाहीत का? जरूर वाचा! महागडं जर्नल परवडत नाही त्याला हाच आधार. फक्त तीन गोष्टी बघा : नवीन व्हर्जन आलंय का, पुढे जर्नलमध्ये छापला गेला का, आणि लेखकाचा त्यात स्वतःचा काही फायदा आहे का. रेफरन्समध्ये 'प्रीप्रिंट' असं स्पष्ट लिहा.

वॉचमनने आत सोडलं म्हणजे पोरगं पास झालं असं नाही. पेपर तपासायचं काम शेवटी आपलंच!