सूर्य मावळला की चंद्रपूरची धावपळ

दोस्तांनो, भर दुपारी तुमचा पंखा कोण फिरवतं? त्यात धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या सौर पॅनलांचाही वाटा असतो बरं! पण संध्याकाळी सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. मग वीज येते कुठून?

विजेची गंमत अशी, की ज्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. वीज कमी पडली की हा आकडा घसरतो, जास्त झाली की चढतो. तो सांभाळायला ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात रात्रंदिवस पहारा असतो.

ऊन चढलं की कोळशाच्या केंद्रांना निरोप जातो, 'जरा हळू!' चंद्रपूरचं केंद्र तब्बल २९२० मेगावॉटचं. मग दुपारी ते बंदच का करत नाहीत? कारण बॉयलर म्हणजे लग्नघरातला चुलाणावरचा हंडा! पार निवला, तर पुन्हा तापायला कित्येक तास लागतात. म्हणून दुपारी संच मंद आचेवर चालू ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा आच वाढवतात. देशातला नियम सांगतो, की कोळशाच्या संचाला ५५ टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे. फारच मंद केलं, तर भट्टीतली ज्वाळा डळमळते आणि तिला सावरायला तेल जाळावं लागतं. मंद आचेवर विजेच्या दर युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. शिवाय रोजच्या कमी-जास्त तापण्यानं जाड धातू प्रसरण-आकुंचन पावत थकतो. त्याला बारीक तडेही जाऊ शकतात.

पाण्याचं मात्र तसं नाही. कोयना धरणाचं पाणी टर्बाइनवर सोडलं, की काही मिनिटांत वीज हजर! घाटघरच्या जलविद्युत केंद्रात तर आणखी मजा. वीज जास्त असली की खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं. गरज पडली की तेच खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज बनवायची.

आणखी एक उपाय या सगळ्याहून सोपा आहे: ऊन असेल तेव्हाच जास्त वीज वापरायची. शेतीपंपांना दिवसा सौर वीज द्यायची योजना त्यासाठीही उपयोगी पडते. तुम्हीही घरी सांगा, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप संध्याकाळी नको, दुपारी लावा!