पुण्याच्या पोटातले पाणी

मुठेच्या उजव्या काठावर, पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला आंबिल ओढा, अशा तीन प्रवाहांच्या कुशीतल्या उंचवट्यावर जुने पुणे वसले. पुढे संगमावर मुठा मुळेला मिळते आणि दोघी मिळून भीमेकडे निघतात. पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वाडे, लढाया आणि कारस्थाने यांवर कपाटेच्या कपाटे भरली. ओढ्यांना आणि नळांना मात्र तळटीपेपलीकडे जागा मिळाली नाही. वास्तविक या शहराची प्रत्येक पेठ पाणी कुठून येते आणि कुठे जाते यावर बेतलेली आहे. कोणाला कुठल्या पाण्याला शिवू द्यायचे, हा तर या शहरातला सर्वांत जुना वाद.

आरंभीचा भाग थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचे ‘पुण्य विषय’, ‘पूनक विषय’ असे उल्लेख येतात. नदीपलीकडचे पाताळेश्वराचे लेणेही साधारण त्याच शतकातले. मधली काही शतके कसब्याच्या पांढरीवरची वस्ती, तिचा कोट आणि बाजार एवढीच पुण्याची कथा. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने हे गाव उद्ध्वस्त केले, आणि जिजाबाई व बाल शिवाजीराजांच्या काळात ते पुन्हा उभे राहिले. हे शाळकरी पुस्तकांतही आहे.

त्या पुस्तकांत नसते ते कसब्यातल्या कारागिरांचे नदीशी असलेले नाते. कुंभारवाडा, कागदीपुरा, तांबट आळी, बुरुड आळी या वस्त्या नदी आणि नागझरी यांच्या हाताच्या अंतरावर आहेत, हा योगायोग नव्हे. कुंभाराला माती आणि पाणी दोन्ही लागते. कागद्याला लगदा धुवायला वाहते पाणी हवे. बुरुडाला बांबू भिजत घालावा लागतो. सरदार येण्याच्या कितीतरी आधी हे लोक इथे होते आणि सरदार गेल्यावरही राहिले. तांबट आळीत आजही तांब्यावर मठार पडते. घाव एकसारखे, जवळजवळ, एका रेषेत घालत जायचे आणि भांडे हळूहळू फिरवत राहायचे. असा एकेक ठोका पडत हंडा चकचकीत होतो आणि मजबूतही होतो. पुण्याच्या घरोघरी पाणी भरून ठेवलेले हंडे आणि घंगाळी याच आळीतली.

शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि गावाचे शहर होऊ लागले. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १७४९ पासून, मराठी राज्याचा कारभार पुण्यातूनच चालू लागला. लष्कर, कारकून, सावकार, शागीर्द, भिक्षुक अशी माणसांची रीघ लागली. मुठा उन्हाळ्यात रोडावणारी नदी. तिच्या काठी स्मशान, धुणी आणि जनावरे. ते पाणी खांद्यावरून चढण चढवून पेठांत आणायचे, म्हणजे राजधानीला न शोभणारी गोष्ट. नानासाहेब पेशव्यांनी या अडचणीवर दोन उपाय योजले. पुण्याची सगळी रचना त्या दोन उपायांनी बदलून टाकली.

पहिला उपाय ओढ्याचा. आंबिल ओढा तेव्हा आजच्या भर पेठांतून वाहत येऊन मुठेला मिळे आणि पावसाळ्यात शहराच्या वाढीची वाट अडवी. पर्वतीच्या पायथ्याशी त्याला बांध घालून प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला. दांडेकर पुलाखालून जाऊन तो मुठेला मिळू लागला. ओढ्याचे जुने पात्र मोकळे झाले आणि त्या बाजूला पेठा पसरल्या. बांधामुळे पर्वतीचे तळे तयार झाले. तळ्यातल्या बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, तोच तळ्यातला गणपती. विसाव्या शतकात तळे आटवून तिथे सारसबाग केली गेली. आज भेळ खायला येणाऱ्याला आपण तळ्याच्या तळाशी बसलो आहोत, याची जाणीव नसते.

दुसरा उपाय कात्रजच्या नळाचा, आणि तो या शहराचा खरा मानबिंदू म्हणायला हवा. कात्रज घाटाच्या पायथ्याशी बांध घालून तलाव केले. तिथून दगड-विटा-चुन्याचा बंदिस्त नळ जमिनीखालून धनकवडी, पद्मावती, पर्वती या वाटेने थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. अंतर सुमारे आठ किलोमीटर. हे काम अठराव्या शतकाच्या मध्यावर झाले. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही; पाणी निव्वळ उतारावरून यायचे. एवढ्या अंतरात उतार कुठेही चुकू न देता, मधले ओढे-नाले चुकवत किंवा ओलांडत नळ आणणे हे गवंड्याच्या ओळंब्याचे आणि नजरेचे काम होते. तलावातून निघालेले पाणी वाटेत ठरावीक जागी संथ होई, गाळ तळाशी बसे आणि निवळलेले पाणी पुढे जाई. ठिकठिकाणी नळावर जमिनीच्या वर येणारे चौकोनी दगडी मनोरे बांधले होते. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. त्यातून नळातली कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि माणूस आत उतरून गाळ काढू शके. नळ मुळातच माणसाला आत शिरता यावे एवढा ऐसपैस होता. सातारा रस्त्याच्या बाजूने असे काही उच्छ्वास अजून तग धरून आहेत: पुरुषभर उंचीचे, चुन्याचा गिलावा उडालेले, अंगावर जाहिरातींचे कागद चिकटवलेले.

या एकाच नळावर शहर थांबले नाही. नाना फडणवीसांनी आंबेगावाच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेला पाणी दिले. रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेसाठी स्वतंत्र व्यवस्था केली. मुख्य नळाच्या पाण्याचे फाटे खापरी नळांनी हौदांना आणि सरदारांच्या वाड्यांना जोडलेले होते. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे उडायचे ते याच दाबावर. पर्यटकाला कारंजे दाखवतात, पण ते उडवणारे पाणी कुठून आले हे कोणी सांगत नाही.

पुण्याच्या लोकप्रिय इतिहासाशी इथेच दोन हात करावे लागतात. शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत पेशव्यांचे गुप्त भुयार आहे, शत्रू आला की पेशवे त्यातून पळ काढत, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. काही व्याख्याते अजून तिच्यावर टाळ्या मिळवतात. पेठेत कुठे खोदकामात कमानीचा पोकळ भाग लागला की दुसऱ्या दिवशी बातमी भुयाराची येते. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या कामात जमिनीखाली जुना जलमार्ग सापडला, तेव्हाही हेच झाले. ही ‘भुयारे’ पाण्याची आहेत. शत्रूला चुकवणाऱ्या पेशव्यापेक्षा शहराला पाणी पाजणारा पेशवा कमी रंजक वाटतो, हा दोष ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणाऱ्यांचा.

नळ जमिनीखाली, पण त्याचे सामाजिक जीवन हौदांवर चालले. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद, बाहुलीचा हौद ही नावे आज रिक्षावाल्याला सांगायच्या खुणा म्हणून उरली आहेत. पण या प्रत्येक ठिकाणी एके काळी पहाटेपासून घागरींची रांग लागे. एका हौदाचे भरून वाहणारे पाणी पुढच्याला जाई, म्हणजे सगळे हौद एकाच साखळीतले. एकाचा गाळ उपसला नाही तर पुढच्या पेठेत बोंब होई. हौदावर बातम्या पसरत, सोयरिकी ठरत, भांडणे होत. आणि हौदावरच कोणी घागर बुडवायची आणि कोणी दूर उभे राहून ओंजळ पसरायची, याचा रोजचा निवाडा होई. पेशवाईतल्या जलव्यवस्थेचे कौतुक करताना ही बाजू गाळणाऱ्यांचे कौतुक अर्धवटच राहते.

त्या निवाड्याला पहिला मोठा धक्का गंज पेठेत बसला. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे त्याच्या आधी जवळजवळ साठ वर्षे. फुल्यांनी भाषणाची किंवा ठरावाची वाट पाहिली नाही. दाराजवळचे पाणी मोकळे केले. घरचा हौद ही किरकोळ बाब नव्हती. ज्या शहरात पाणी हीच प्रतिष्ठा होती, तिथे पाणीच वाटून टाकले गेले. आज ती पेठ महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि हौद फुलेवाड्यात पाहायला मिळतो.

फुल्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या काशीबाई या लहान मुलीच्या स्मरणार्थ बांधलेला हौद म्हणजे बाहुलीचा हौद. घोले मुलीला शिकवत होते, त्याचा राग धरून आप्तांपैकी कोणी तिला काच घातलेले खाद्य दिले, अशी हकीकत पुण्यात सांगितली जाते. हौदावर मुलीची मूर्ती बसवली होती, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिले. पाण्याच्या टाकीवर पुतळा बसवायचा तर तो राजाचा असतो. इथे तो एका शिकणाऱ्या मुलीचा होता, हे एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याबद्दल बरेच काही सांगून जाते. जवळच गुरुवार पेठेतला पंचहौद. तिथल्या मिशनमध्ये १८९० साली सुधारक आणि सनातनी अशा दोन्ही गोटांतली बडी मंडळी चहाला गेली. पुढे गोपाळराव जोशी यांनी नावे प्रसिद्ध केली आणि बहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले. टिळक आणि रानडे दोघेही त्या चहात सापडले. चहा हे निमित्त होते; भांडण पाणी कोणाच्या हातचे, याच जुन्या प्रश्नाचे होते.

इंग्रजी अमदानीचा पाण्याचा इतिहास आकड्यांचा आहे आणि तो लवकर संपतो. १८५० मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. १८७९ मध्ये खडकवासल्याचे दगडी धरण पूर्ण झाले, त्याचे कालवे शेताकडे गेले आणि पाणी शहराकडे वळले. घरोघरी तोटी आली तसे हौद ओस पडत गेले. लष्कराला पाणी नियमित मिळाले. पेठांना ते मिळायला वेळ लागला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्यापाठोपाठ खडकवासलाही गेले. मुठेचे पाणी शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांत शिरले. वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या, लोक उंचावर पळाले. पुण्याची सामाजिक रचना त्या दिवशी नव्याने मांडली गेली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पेठेत राहिलेली कुटुंबे पेठेबाहेर गेली. ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ ही जुन्या पुणेकरांची कालगणना तेव्हापासून सुरू झाली.

नंतरची कहाणी घसरणीची आहे. मुठेच्या पात्रात रस्ता झाला. बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला की पाऊस चांगला झाला, अशी मोजपट्टी तयार झाली. नदीचे अस्तित्व शहराला वर्षातले काही दिवस फक्त वाहतुकीचा खोळंबा म्हणून जाणवते. नागझरी नावापुरती झरी उरली, प्रत्यक्षात ती नाला आहे. मानाच्या गणपतींचे विसर्जन पूर्वी वाहत्या मुठेत होत असे. आता घाटावरच्या हौदांतही ते होते, कारण नदीच्या पाण्यावर भरवसा उरलेला नाही. शहराचे सांडपाणी पुढे भीमेतून उजनीला जाते आणि त्याचा हिशेब सोलापूरकडच्या लोकांना चुकता करावा लागतो. एवढे होऊनही पुण्याच्या पोटातले पाणी हलत नाही.

वळवलेला ओढा जुनी वाट विसरत नाही, हे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दिसले. कात्रजच्या बाजूने आलेल्या पावसाने आंबिल ओढा फुगला. टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर भागांत भिंती कोसळल्या आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढ्याच्या काठाकाठाने भिंती, संरक्षक कठडे आणि इमारती आत आत सरकत आल्या होत्या. पाण्याने त्या जागेची परतफेड मागितली. नानासाहेबांनी ओढा वळवताना त्याला जायला मोकळी वाट दिली होती. नंतरच्यांनी तीही बुजवली. सुशोभीकरणाच्या नावाखाली नदीकाठाला दगडी कठडे घालणाऱ्या आजच्या योजनांनी हा धडा आधी वाचायला हवा.

पुण्याचा वारसा म्हणून वाड्यांची यादी होते, दरवाजांना रंग लागतो, दिवे सोडले जातात. नळ, उच्छ्वास आणि हौद मात्र एकेकटे, तुटक, कोणाच्या तरी अंगणातले दगड म्हणून पडून आहेत. त्यांचे जतन साखळी म्हणूनच व्हायला हवे: तलावापासून शेवटच्या हौदापर्यंतची रेषा जमिनीवर आखावी, प्रत्येक उच्छ्वासावर नाव आणि काळ लिहिलेला दगड बसवावा, आणि मध्यवस्तीत कुठलेही खोदकाम करण्याआधी ती रेषा ठेकेदाराच्या हाती द्यावी. हे काम धरण बांधण्याइतके खर्चिक नाही. आणि ते झाले तर पेठेतल्या मुलांना भुयाराची कथा सांगण्याची गरज उरणार नाही. दाखवायला खरा नळ असेल.