जुन्या मोटारीचे डेंटिंग-पेंटिंग : रास्त दर कसा ओळखावा?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००१ साली थांबले. अँबॅसडरचे २०१४ साली बंद झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही रस्त्याचा निरोप घेतला. गाड्या कमी झाल्या तशी त्यांची हौस मात्र वाढली. वडिलांची जुनी गाडी पुन्हा उभी करणारे लोक आज पुष्कळ आहेत आणि त्यांचे काम करणाऱ्यांत आपल्या समाजातील डेंटर, पेंटर व वेल्डर मोठ्या संख्येने आहेत.

परंतु या कामात तंटेही फार होतात. गाडी वर्ष-वर्ष गॅरेजमध्ये पडून राहते. मालक म्हणतो, मला लुबाडले. कारागीर म्हणतो, माझी मेहनत बुडाली. पुष्कळदा दोघांचीही नियत साफ असते. चूक झालेली असते ती सौद्यात. आत काय आहे हे न पाहता एकाने ठोक रक्कम सांगितलेली असते आणि दुसऱ्याने ती मान्य केलेली असते.

दर गाडीचा नव्हे, पत्र्याचा

‘पद्मिनीच्या पेंटिंगचे किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. एकाच वर्षाच्या दोन गाड्या घ्या. एक कोरड्या हवेत छपराखाली उभी राहिली, दुसरी समुद्राकाठच्या पावसात भिजली. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतील, पण दुसरीचे काम पहिलीच्या तिप्पटही होऊ शकते.

गंज तीन प्रकारचा असतो. पहिला वरवरचा, जो घासून निघतो. दुसरा खड्डे पाडणारा. तो पूर्ण साफ करून त्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो. तिसरा आरपार गेलेला. तेथे सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यावाचून मार्ग नाही. पाणी साचते तेथे हा गंज हमखास सापडतो: पायाखालचा पत्रा, दरवाजाखालची पट्टी, दरवाजांचा तळ, मडगार्डच्या कडा, बॅटरीखालची जागा, डिकीत स्टेपनीखाली आणि काचेच्या रबराआड.

पद्मिनी व अँबॅसडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही. बॉडीच सारा भार पेलते. म्हणून दरवाजाखालची पट्टी सडली तर ते केवळ दिसण्याचे काम राहत नाही, प्रवाशांच्या जिवाचे होते. अशा जागी वरून ठिगळ मारून रंग देणारा स्वस्त कारागीर फार महाग पडतो.

लांबीखाली काय दडले आहे?

आम्हा कापडवाल्यांना एक गोष्ट लवकर कळते. खळ भरलेले कापड हाताला जाड व वजनदार लागते, पण पहिल्या धुण्यात त्याची असलियत उघडी पडते. गाडीवरची लांबी, म्हणजे पुट्टी, ही तशीच खळ आहे. पत्रा हातोडी व डॉलीने ठोकून सरळ केल्यावर उरलेली बारीक उंचसखल भरण्यापुरतीच ती असावी. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर लावला की तो पुढे तडकतो. गंजावर लावला तर खालून फुगून सुटतो.

तपासणी सोपी आहे. पातळ कापडात गुंडाळलेले साधे लोहचुंबक बॉडीवर फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे जाड लांबी आहे असे समजावे. मोठ्या गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजणारे यंत्रही असते. काम देण्यापूर्वी ही तपासणी करावी आणि गाडी ताब्यात घेतानाही करावी.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्यापासून आपला संबंध तोडला. ही हदीस सर्वांना माहीत आहे. रंगाखाली सडका पत्रा झाकणे हे त्या ओल्या धान्याहून वेगळे नाही.

हिशेब कसा मांडावा?

रास्त दर म्हणजे दिवसांची मजुरी, साहित्य, जागा-विजेचा खर्च व वाजवी नफा यांची बेरीज. एक नमुना पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपल्या गावचे दर घालून हिशेब करावा.

डेंटर १८ दिवस, रोज १,५०० रुपये : २७,०००
त्याचा हेल्पर १८ दिवस, रोज ८०० : १४,४००
पेंटर १२ दिवस, रोज १,५०० : १८,०००
त्याचा हेल्पर १२ दिवस, रोज ८०० : ९,६००
पत्रा, गॅस, प्रायमर, रंग, क्लिअर, हार्डनर, थिनर, पॉलिश पेपर : ४०,०००
एकूण : १,०९,०००
भाडे, वीज व नफा २५ टक्के : २७,२५०
अंतिम रक्कम : १,३६,२५०

आता याच कामाचे कोणी ६०,००० सांगितले, तर हिशेबातली कोणती ओळ गाळली ते विचारावे. ६०,००० मध्ये मजुरीही निघत नाही. म्हणजे एक तर पत्रा बदलण्याऐवजी लांबी भरली जाईल, रंग हलका येईल किंवा हेल्पर पोरांची मजुरी मारली जाईल. उलट कोणी तीन लाख सांगितले, तर त्यालाही हाच हिशेब मांडायला लावावा. रास्त मागणाऱ्याला तो मांडण्यात संकोच वाटत नाही.

रंगाचा प्रकारही स्पष्ट हवा. सिंथेटिक इनॅमल स्वस्त पण उशिरा सुकणारे, एनसी रंग झटपट सुकणारा पण वारंवार पॉलिश मागणारा, तर पीयू रंग टिकाऊ व महाग. पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असते. पेंटरला योग्य मास्क व मोकळी हवा मिळालीच पाहिजे. त्याचा खर्च दरात धरणे ही चैन नव्हे.

सौदा दोन टप्प्यांत करावा

शरीअतने व्यवहारातील अनिश्चितता, म्हणजे गरर, नापसंत केली आहे आणि मजुराची उजरत आधी ठरवण्यास सांगितले आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत यावर सरळ उपाय आहे.

पहिल्या टप्प्यात फक्त गाडी उघडण्याचा व रंग उतरवण्याचा दर ठरवावा. उघडा पत्रा दोघांनी मिळून पाहावा, फोटो काढावेत. मगच दरवाजा, मडगार्ड, तळ असा भागवार दर कागदावर लिहावा. रंगाची कंपनी, प्रकार, किती हात द्यायचे आणि मुदत हेही लिहावे. साहित्यापुरती आगाऊ रक्कम द्यावी, बाकीची टप्प्याटप्प्याने. नवे नुकसान सापडले तर काम थांबवून मालकाला दाखवावे आणि त्याच्या होकारानंतरच पुढे जावे.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी काळजी घ्यावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. बॉडीत मोठा फेरबदल केल्यास ही संधी जाऊ शकते. रंगाची छटा बदलायची असेल तर आरटीओकडे नोंद करून घ्यावी.

माप दोन्ही बाजूंचे

सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पुरे माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे. आपण तो नेहमी दुकानदाराला लावतो. पण आरशासारखा चकचकीत रंग मागणारा आणि शेवटच्या हप्त्याला महिनोन्‌महिने फिरवणारा मालकही त्याच रांगेत उभा आहे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण त्याच्यासाठीच आहे.

कारागीर बांधवांनीही लक्षात ठेवावे की दर वाढवण्याचा खरा मार्ग उघडा हिशेब हाच आहे. पत्रा दाखवून काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन येते. अशा कमाईत अल्लाह बरकत देवो.